टाकी आणि टाका

आपल्याकडे मोहल्ला तिथे गॅरेज. मिरज असो, मालेगाव असो की भिवंडी, मशिदीच्या वाटेवर असे एखादे तरी दुकान असतेच, ज्याच्या दारात चार मोटारसायकली उघड्या पडलेल्या असतात, जमीन तेलाने काळी झालेली असते आणि आतून पाना पडल्याचा आवाज येत असतो. सच्चर समितीने २००६ साली सादर केलेल्या अहवालात, मुस्लिम समाज पगाराच्या नोकरीपेक्षा स्वतःच्या लहानसहान धंद्यावर अधिक जगतो, असे आकडेवारीनिशी नोंदवले. गॅरेजच्या दारात उभे राहिले की ती आकडेवारी डोळ्यांना दिसते. असे असूनही आपल्या साहित्यात, परिसंवादांत, जुम्याच्या बयानातही हाताच्या या धंद्यातल्या नीतीचा विचार क्वचितच होतो. आपण व्याजाबद्दल बोलतो, लग्नातल्या उधळपट्टीबद्दल बोलतो. पाना हातात धरलेल्या माणसाला रोज जे प्रश्न पडतात, ते मात्र विचार करण्याच्या लायकीचे नाहीत, असे आपण न बोलता ठरवून टाकले आहे.

त्यातलाच एक प्रश्न आम्ही येथे मांडणार आहोत. दिसायला तो लहान आहे. जुन्या मोटारसायकलची पेट्रोलची टाकी गळते आहे आणि ती दुरुस्त करायची आहे. कशी करायची, आणि कुणासाठी?

आधी टाकी का गळते ते पाहू. कारण नीतीचा प्रश्न त्या पत्र्यातच दडलेला आहे. राजदूत, येझदी, जुनी बुलेट, कोणतीही घ्या. टाकी पोलादी पत्र्याची असते आणि गाडीच्या मधल्या नळीवर खोगिरासारखी बसवलेली असते. त्यामुळे तिच्या पोटाला दोन कप्पे पडतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. पेट्रोल जेथून खाली उतरते तो कॉक बहुधा एकाच बाजूला असतो, आणि त्याची आतली नळी टाकीच्या तळापासून थोडी वर उभी असते. आता पाणी पेट्रोलपेक्षा जड. एक लिटर पाणी एक किलो भरते, तर एक लिटर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास. म्हणून टाकीत पाण्याचा जो थेंब शिरतो, तो सरळ तळाला जाऊन बसतो. आणि कॉकची नळी वर असल्यामुळे तो बाहेर पडत नाही. वर्षानुवर्षे तेथेच बसून तो पत्रा खात राहतो.

हे पाणी येते कोठून? थोडे झाकणातून पावसाचे येते, पण बरेचसे हवेतून येते. झाकणाला श्वासासाठी बारीक छिद्र असते. पेट्रोल कमी होईल तशी आत हवा शिरते, दमट हवा रात्री गार पडली की पत्र्याच्या आतल्या अंगाला दव धरते आणि ते ओघळून तळाला जाते. टाकी भरलेली असेल तर हवेला जागा कमी, म्हणून गंजही कमी. टाकी रिकामी असेल तर गंज जास्त. आता विचार करा, टाकी नेहमी काठोकाठ कोण भरतो आणि रोज शंभर रुपयांचे पेट्रोल टाकून कोण चालवतो? रत्नागिरी-चिपळूणच्या पावसाळ्यात महिनोन्‌महिने पाऊण रिकामी राहणारी टाकी दूधवाल्याची असते, फेरीवाल्याची असते, रोजंदारीवर जाणाऱ्या गवंड्याची असते. गरिबी माणसाच्या अंगावर दिसते हे आपल्याला ठाऊक आहे; ती टाकीच्या तळालाही साचते.

म्हणजे गळती हा आजाराचा शेवट आहे. पहिला थेंब जमिनीवर पडतो तेव्हा आतला पत्रा कित्येक ठिकाणी कागदासारखा झालेला असतो. छिद्र एक दिसते. होऊ घातलेली दहा असतात. बाहेरून मात्र रंग चकचकीत, पट्टे जागच्या जागी, आणि झाकणाशेजारी कुणीतरी हौसेने लावलेले ७८६ चे स्टिकर.

आता दुरुस्तीकडे वळू. रस्त्यात गळती लागली तर जाणता माणूस कपड्याचा साबण मागतो. साबण पेट्रोलात विरघळत नाही. ओला न करता छिद्रावर घासला की थेंब थांबतो आणि गाडी घरी पोहोचते. त्यापुढची पायरी एम-सीलची: पत्रा घासून दोन रंगांच्या गोळ्या एकत्र मळून थापल्या की काही आठवडे, कधी काही महिने निघतात. त्यापुढे कथील-शिशाचा डाक, त्यापुढे पितळेचे गॅस वेल्डिंग, आणि त्यापुढे सडलेला तळच कापून नवा पत्रा बसवणे. आतला गंज काढायचा तर टाकी उतरवून, कॉक काढून, आत नट-बोल्ट किंवा साखळीचा तुकडा टाकून खळखळवायची. लिंबाच्या सत्त्वाचे किंवा फॉस्फोरिक ॲसिडचे पाणी भरून ठेवायची. मग सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवायची, कारण उघडा पडलेला ओला पत्रा पाहता पाहता पुन्हा लाल होतो. शेवटी आतून लेप द्यायचा. आपल्या आज्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावून घेत असत, तीच ही कल्पना. फरक एवढाच, की कल्हई आत डोकावून पाहता येई. टाकीच्या पोटात कुणाची नजर पोहोचत नाही.

फरक लहान वाटतो, पण सगळा प्रश्न त्यातून निघतो. ज्या कामाची परीक्षा गिऱ्हाईक करू शकत नाही, त्या कामात मिस्त्री आपल्या हाताबरोबर आपला शब्दही विकत असतो. 'झाले पक्के, घेऊन जा' हा शब्द. साबणाचा टाका आणि नव्या पत्र्याचा टाका संध्याकाळी सारखेच दिसतात. दोन्ही कोरडे असतात. फरक कळायला एक पावसाळा जावा लागतो.

येथे पहिला निर्णय सोपा आहे. तात्पुरती दुरुस्ती हे पाप नाही. पगार दहा तारखेला व्हायचा आहे आणि आज चार तारीख आहे, अशा माणसाला एम-सीलची गोळी थापून देणारा मिस्त्री त्याच्यावर उपकारच करतो. त्याने फक्त कामाला त्याचे खरे नाव द्यावे. 'हे महिनाभराचे आहे, पगार झाला की टाकी उतरवू' असे म्हटले की तीच गोळी प्रामाणिक होते. तीच थापून 'आता बघायला नको' म्हटले की ती खोटी होते. दोन्ही वेळा माल तोच आणि छिद्रही तेच असते. इमान किंवा बेइमानी त्या गोळीत नसते, ती गोळीला दिलेल्या नावात असते.

प्रश्न येथे संपला असता तर निबंध लिहायची गरज नव्हती. पण मोटारसायकल एका माणसाकडे राहत नाही. जुनी गाडी हातोहात फिरते, आणि गळकी टाकी बहुतेक वेळा विकायच्या आधीच दुरुस्तीला येते. मालक म्हणतो, 'उस्ताद, काही करा, दिसता कामा नये.' मिस्त्रीला तो फसवत नाही. सगळे सांगून काम करून घेतो. मिस्त्रीही मालकाला फसवत नाही. मजुरी ठरली, काम चोख झाले, दोघे राजी. फसणारा माणूस अजून त्या दुकानाच्या पायरीवरही आलेला नाही. मग मिस्त्रीने काही गैर केले का?

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत बराच काळ खरेदीदाराकडे बोट दाखवत आला. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या १६ व्या कलमाचा मूळ सूर असा, की काही अपवाद सोडले तर मालाच्या दर्जाची हमी गृहीत धरता येत नाही. घेणाऱ्याने पाहून घ्यावे. पुढे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला, त्याच्या जागी २०१९ चा आला, आणि दुकानदाराकडून घेणाऱ्याला आधार मिळाला. पण एका शेजाऱ्याने दुसऱ्याला विकलेल्या जुन्या गाडीचा व्यवहार अजूनही चहाच्या कपावरच होतो. नाव बदलायला आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० भरले जातात. त्यात चासी नंबर असतो, मालकांची नावे असतात. टाकीच्या तब्येतीसाठी रकाना नसतो.

आपल्या धर्मपरंपरेने हा भार विकणाऱ्यावर टाकला. धान्याच्या ढिगाचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना एका ढिगात हात घालतात आणि बोटांना ओल लागते. व्यापारी म्हणतो, पाऊस लागला. त्यावर प्रेषितांचे विचारणे असे, की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आम्हाला या प्रसंगात नेहमी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पाऊस पडला हा व्यापाऱ्याचा दोष नव्हता. धान्य भिजले याबद्दल त्याला कुणी बोलले नाही. ओले खाली आणि कोरडे वर, ही मांडणी तेवढी त्याची होती. टाकीचा गंजही असाच पावसाचा आहे. त्यावर चढवलेला रंग माणसाचा आहे.

तरीही यात विकणारा आला आणि घेणारा आला. मधला कारागीर कोठे आहे? त्याच्यावरचा विचार आम्हाला इमाम गझालींच्या 'इह्या उलूम अल-दीन' या ग्रंथात सापडतो. गझाली ११११ साली वारले. म्हणजे विचार नऊशे वर्षांहून जुना आहे. रोजीरोटी कमावण्याच्या रीतींवर त्यांनी एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे आणि त्यात ते इमाम अहमद बिन हंबल यांना विचारलेला एक प्रश्न नोंदवतात. इमाम अहमद इसवी सन ८५५ मध्ये वारले. प्रश्न रफूबद्दलचा होता: टाका अजिबात दिसणार नाही असा रफू करावा का? उत्तराचा आशय असा, की कापड विकणाऱ्याने तो रफू लपवणे योग्य नाही. आणि रफूगराला असे काम करणे तेव्हाच योग्य, जेव्हा मालक तो रफू दाखवून देईल हे त्याला ठाऊक असते, किंवा कापड विकायचेच नाही हे ठाऊक असते.

रफू हा शब्द आपल्या मराठीत इतका मुरलेला आहे, की त्याचा प्रवास आपल्याला आठवतही नाही. पण शब्द आला आणि त्याच्यामागचा प्रश्न मागेच राहिला. मराठीत उत्तम रफू म्हणजे न दिसणारा रफू. आपण रफूगराची तारीफ त्याच एका गोष्टीसाठी करतो. इमाम अहमदांच्या उत्तरात ही तारीफच तपासली गेली आहे. टाका जितका न दिसणारा, तितकी कारागिराची जबाबदारी मोठी. कारण त्याच्या कौशल्यामुळेच पुढच्या माणसाचे डोळे निकामी होणार असतात. अडाणी हाताचा ओबडधोबड टाका निदान खरे तरी बोलतो.

या उत्तराने नीतीचे वर्तुळ मोठे केले. ते घेणाऱ्यापासून विकणाऱ्यापर्यंत आणि विकणाऱ्यापासून सुई धरणाऱ्या हातापर्यंत आले. टाकीचा मिस्त्री हा लोखंडाचा रफूगर आहे. पितळेचा टाका मारून, कानस फिरवून, पुट्टी भरून, रंग मारून तो पत्रा अखंड असल्यासारखा करून देतो. तेव्हा 'माझे गिऱ्हाईक राजी होते' एवढे उत्तर त्याला पुरत नाही.

येथे गॅरेजवाला हात पुसत पुढे येईल आणि म्हणेल, साहेब, लिहिणे सोपे आहे. गिऱ्हाईक गाडी कुणाला विकणार याची चौकशी करत बसलो तर तो समोरच्या दुकानात जाईल. समोरचा न विचारता करून देईल. माझ्या नकाराने घेणाऱ्याचा काही फायदा होणार नाही, माझी मात्र त्या दिवसाची मजुरी जाईल. घरी पाच तोंडे आहेत. आणि गिऱ्हाईकही गरीबच आहे. खरे सांगून गाडी विकली तर त्याला दोन हजार कमी मिळतील, आणि ते दोन हजार मुलीच्या फीचे असतील.

हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. आपल्याकडे उपदेश करणारे बरेचदा पंख्याखाली असतात आणि ज्यांना उपदेश करायचा ते पत्र्याच्या शेडखाली. पण आक्षेपाचे तुकडे करून पाहिले तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली चौकशीची. इमाम अहमदांनी रफूगराला हेर व्हायला सांगितलेले नाही. आम्हाला त्यांच्या उत्तराचे मर्म ठाऊक असण्यात दिसते. गिऱ्हाईकाने आपल्या तोंडाने 'विकायची आहे, दिसता कामा नये' असे सांगितल्यावर मिस्त्रीला ठाऊक नाही असे म्हणता येत नाही. संशय घेऊ नये हे खरे. ऐकलेले न ऐकल्यासारखे करावे असा त्याचा अर्थ होत नाही. दुसरी गोष्ट गरिबीची. विकणारा गरीब आहे हे खरे, पण बारा वर्षांची मोटारसायकल तिसऱ्या हाताने घेणारा कोण असतो? तोही त्याच गल्लीतला असतो. एका गरिबाचे दोन हजार वाचवायला दुसऱ्या गरिबाच्या मांडीखाली गळकी टाकी ठेवणे, याला मदत म्हणता येणार नाही. नुकसान फक्त पुढच्या घरात सरकवले.

आतापर्यंत आम्ही टाकीची तुलना कापडाशी केली. ती तुलना येथे सोडावी लागेल, कारण रफू उसवला तर लाज जाते, टाकी उसवली तर जीव जातो. टाकीच्या खालीच इंजिन तापलेले असते, प्लगची ठिणगी असते. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. म्हणजे आपल्या हवेत ते सदैव तयारच असते. ती वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्यामुळे उडून जात नाही, जमिनीलगत पसरते. गाडी रात्री जिन्याखाली उभी केली जाते. जिन्याशेजारी कुणाची तरी चूल असते, कुणाचा तरी गॅस असतो. आणि दिवसा टाकीवर पुढे कोण बसलेले असते, हे आपण सगळे जाणतो. बाप गाडी चालवतो, आई मागे, आणि टाकीवर दोन्ही हातांनी हँडल धरून चार वर्षांचे मूल.

त्या मुलाने कोणत्याही व्यवहारावर सही केलेली नाही. जिन्याशेजारच्या घराने केलेली नाही. म्हणून टाकीच्या बाबतीत खरे सांगणेही प्रत्येक वेळी पुरत नाही. घेणाऱ्याला सगळे सांगितले, तो म्हणाला 'चालेल, मी बघून घेईन', तरी तो फक्त स्वतःच्या जिवापुरते बघून घेऊ शकतो. दोघांची राजीखुशी तिसऱ्याच्या जिवावर चालत नाही. काही टाक्या अशा असतात, की त्यांना टाका घालणेच चूक. पत्रा बोटाने दाबला तरी दबतो, एक छिद्र बुजवताना शेजारी दुसरे उघडते, अशा टाकीला 'होणार नाही' म्हणणे हेच मिस्त्रीचे काम असते. आपण कारागिराला तो काय काय करू शकतो यावरून ओळखतो. तो कशाला हात लावत नाही, हेही विचारायला हवे.

या आगीची आणखी एक बाजू आहे, आणि ती गॅरेजच्या आतली आहे. बेंजामिन ली व्हॉर्फ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाची नोकरी आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीत होती. आगी कशा लागतात याचे अहवाल तपासता तपासता त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली, आणि १९४१ साली छापून आलेल्या एका निबंधात त्याने ती मांडली. पेट्रोलच्या भरलेल्या पिपांपाशी माणसे जपून वागतात. 'रिकाम्या' पिपांपाशी बेफिकीर होतात, सिगारेटही ओढतात. वास्तविक रिकामे पीप अधिक घातक, कारण त्यात वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ती पेटते. भरलेल्या टाकीत वाफ त्याहून दाट असते, रिकाम्या टाकीत बरोबर तेवढी होऊ शकते. माणसाला फसवतो तो 'रिकामी' हा शब्द.

वेल्डिंगला येणारी टाकी नेहमी 'रिकामी'च असते. ती नीट धुवायला, वाळवायला, आणि टाका मारायच्या जागेपर्यंत पाण्याने भरून मगच ज्योत लावायला वेळ लागतो. सांध्यांत आणि गंजाच्या पापुद्र्यांत मुरलेले पेट्रोल तापल्यावर पुन्हा वाफ सोडते, म्हणून घाईने धुणे हे न धुण्यासारखेच. आता ही घाई कुणाची असते? मिस्त्रीची क्वचितच. घाई आपली असते. 'संध्याकाळपर्यंत पाहिजे', 'एवढ्याशा छिद्राचे पाचशे?', 'समोरचा दोनशेत करतो' ही वाक्ये आपण बोलतो. आणि टाकी दोन्ही हातांनी धरून ज्योतीसमोर कोण बसतो? बहुधा दुकानातला शिकाऊ पोरगा. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवायला बंदी आली आणि अठरापर्यंतच्या मुलाला धोक्याच्या कामावर. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर मदत करायची सवलत राहिली, पण तीही धोक्याच्या कामाला नाही. कायदा कागदावर नीट आहे. दोनशे आणि पाचशे यांच्यामधले जे तीनशे रुपये आपण वाचवतो, ते त्या पोराच्या चेहऱ्यासमोरून वाचवलेले असतात, एवढे तरी गिऱ्हाईक म्हणून आपण जाणावे. मिस्त्रीच्या इमानाची मागणी करायची आणि त्या इमानाची किंमत द्यायची नाही, हे व्यवहारातही बसत नाही.

शेवटी काळाचाही एक प्रश्न आहे. मिस्त्रीने पूर्ण प्रामाणिकपणे केलेले काम उद्याही खरे राहील का? पूर्वी पेट्रोल म्हणजे पेट्रोल होते. आता त्यात इथेनॉल असते. २०२२ च्या जूनमध्ये देशात सरासरी १० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला गेला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि पाणी फार झाले की त्याच्यासकट तळाला जाऊन बसते. जुन्या टाक्यांच्या आतले काही लेप, जुन्या नळ्या आणि रबर या इंधनासाठी केलेले नव्हते. ते मऊ पडतात, सुटतात. म्हणजे ज्याने पंधरा वर्षांपूर्वी लेप देऊन 'आता काळजी नको' असे सांगितले, तो खोटे बोलला नव्हता; पण आज तेच वाक्य तोच माणूस तसेच बोलला तर ते खरे राहणार नाही. इमानाला माहितीची जोड लागते. नियत साफ आहे म्हणून धंद्यातले नवे ज्ञान न घेणारा मिस्त्री, डॉक्टर किंवा शिक्षक, तिघेही पुढच्या माणसाला सारखेच धोक्यात घालतात.

जुन्या गाडीशी माणसाचे नाते असते, हे आम्ही नाकारत नाही. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडला; वडिलांनी घेतलेली त्या कारखान्याची गाडी ज्याच्या घरात आहे, त्याला टाकी बदल म्हणणे जड जाते. रंग तोच, पोचा तोच, लहानपणी बसलो ती जागा तीच. अशा माणसाने टाकी जरूर जपावी. धुऊन, पुसून, घराच्या भिंतीवर टांगावी. तिच्यात पेट्रोल भरून ती रस्त्यावर आणायची असेल, तर प्रश्न आठवणींचा उरत नाही. समोरून येणाऱ्या माणसाचाही होतो.

मग करायचे काय? आम्हाला सुचतात त्या गोष्टी साध्या आहेत आणि कोणत्याही दुकानात उद्यापासून होण्याजोग्या आहेत. पावतीवर दोन ओळी लिहाव्यात: टाका कशाचा, कोठे, कोणत्या तारखेला, आणि पुन्हा केव्हा दाखवायचा. ती पावती आरसी बुकाबरोबर ठेवावी आणि गाडी विकताना ती हातात द्यावी. पावतीमुळे भाव थोडा पडेल. पण चार वर्षांनी त्याच दुकानाच्या पावतीला भावही येईल, कारण बाजाराला खरे बोलणारे दुकान ठाऊक होते. गिऱ्हाईकाने धुण्या-वाळवण्याच्या दिवसाचे पैसे द्यावेत आणि तो दिवस थांबावे. पोराला ज्योतीपासून लांब ठेवावे. आणि जी टाकी होणार नाही, ती भंगारात देण्याआधी पाण्याने काठोकाठ भरून, छिन्नीने तिच्या तळाला हाताचा पंजा जाईल एवढे भोक पाडावे. भंगारवाल्याकडून ती कुणी स्वस्तात उचलू नये, पुट्टी भरून, रंग मारून कुणाच्या गाडीवर पुन्हा चढवू नये, म्हणून. ज्याच्या गाडीवर ती चढली असती त्या माणसाला हे कधी कळणार नाही. त्याने न मागितलेले आणि त्याला न कळणारे एवढे काम मात्र मिस्त्रीने त्याच्यासाठी केलेले असेल.